धर्मग्रंथाचं म्युझियम भाविकांनीच चालवलं तर चालेल का? (वॉशिंग्टनचं बायबल म्युझियम)

पोटोमॅककाठ

आमच्या घरच्या ग्रुपवर परवा यावरून चांगलीच वादावादी झाली म्हणून इथे विचारतोय. २०१९ च्या वसंतात आईबाबा इकडे आले होते तेव्हा त्यांना वॉशिंग्टन डीसीमधलं म्युझियम ऑफ द बायबल दाखवायला नेलं होतं, त्याचे जुने फोटो मी टाकले आणि मावसभावाने लगेच लिहिलं की हा धर्मप्रचार आहे, याला म्युझियम म्हणू नकोस. मला ते अजिबात पटलं नाही.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये उघडलं, १९२३ सालचं जुनं बर्फाचं कोल्ड स्टोरेजचं गोदाम होतं ते वाढवून आठ मजली केलंय, ४ लाख ३० हजार स्क्वेअर फूट. दारात चाळीस फुटी ब्राँझचे दोन पल्ले आहेत आणि त्यांच्यावर गुटेनबर्गच्या लॅटिन बायबलमधल्या उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाची अक्षरं उलटी, म्हणजे छापखान्यातल्या खिळ्यांसारखी. आत येशूच्या काळातलं नाझरेथ गाव उभं केलंय, दगडी घरं, विहीर, सिनेगॉग, त्या काळच्या वेषातली माणसं तुमच्याशी बोलतात. जुन्या कराराची, म्हणजे बायबलच्या येशूआधीच्या भागाची गोष्ट तर तुम्ही चालत चालत बघता, जळतं झुडूप, दुभंगलेला समुद्र वगैरे.

पण आई थांबली ती वेगळ्याच ठिकाणी. एक ज्यू लेखनिक तिथे बसून पिसाच्या लेखणीने चामड्यावर तोराह, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, लिहीत होता. आईच्या माहेरी पोथ्या होत्या, तिने मला विचारायला लावलं की चूक झाली तर काय करता. तो म्हणाला साधी चूक असेल तर खरवडून दुरुस्त करता येते पण देवाच्या नावात चूक झाली तर ते पुसत नाहीत, तो अख्खा तुकडाच बाजूला काढतात आणि रीतसर पुरतात. आई त्यानंतर कितीतरी वेळ तिथून हलेना. दुसऱ्या कुणाच्या धर्मग्रंथाबद्दल एवढा आदर तिच्या मनात एका प्रश्नातून आला, याला मी प्रचार कसा म्हणू? माझं मत असं की ग्रंथावर ज्यांचं प्रेम आहे त्यांनीच असं म्युझियम काढावं, बाकी कोण एवढा जीव लावणार.

अरुंधती_के

तुमच्या आईचा अनुभव खरा आहे आणि त्याबद्दल मला काहीच म्हणायचं नाही, पण तुम्ही पूर्ण गोष्ट सांगितली नाहीत म्हणून लिहितेय.

हे म्युझियम ज्या ग्रीन कुटुंबाने उभारलं त्यांची हॉबी लॉबी नावाची दुकानांची साखळी आहे. त्या कंपनीने डिसेंबर २०१० मध्ये इराकमधून आलेल्या सुमारे ५५०० वस्तू १६ लाख डॉलरला घेतल्या, क्यूनिफॉर्म या प्राचीन खिळ्यांच्या आकाराच्या लिपीतल्या मातीच्या पाट्या, मुद्रा असं सगळं, आणि ते अमेरिकेत आलं तेव्हा पार्सलांवर काय लिहिलेलं? तर फरशीचे नमुने. २०१७ मध्ये, म्हणजे म्युझियम उघडायच्या चार महिने आधी, कंपनीने ३० लाख डॉलर भरून सरकारशी तडजोड केली आणि २०१८ मध्ये त्यातल्या जवळपास ३८०० वस्तू इराकला परत गेल्या. गिल्गमेश या मेसोपोटेमियाच्या प्राचीन महाकाव्यातल्या नायकाच्या स्वप्नाची पाटी वेगळीच, साडेतीन हजार वर्षं जुनी, २०१४ मध्ये घेतलेली, ती २०१९ मध्ये सरकारने जप्त केली आणि २०२१ मध्ये इराकला गेली.

२००३ च्या युद्धानंतर इराकमधल्या टेकाडांमध्ये रात्री खड्डे खणून माल काढायचे. खड्ड्यातून वस्तू अशी उपटली की ती कुठल्या घरात होती, कुठल्या थरात होती, शेजारी काय होतं ही सगळी माहिती कायमची जाते, नंतर पाटी परत दिली तरी ती माहिती परत येत नाही. ग्रंथावर प्रेम आहे म्हणता, मग ज्या मातीत ते ग्रंथ घडले त्या मातीवर प्रेम नको का?

वेताळटेकडी

अरुंधतीताईंशी सहमत, शिवाय एक मुद्दा राहिला. या संस्थेने सुरुवातीला सरकारदरबारी जे उद्दिष्ट नोंदवलं होतं त्यात बायबलच्या परिपूर्ण अधिकाराबद्दल आणि विश्वासार्हतेबद्दल लोकांच्या मनात खात्री निर्माण करणं असं स्पष्ट होतं. नंतर भाषा बदलली, आता सगळ्यांनी बायबलशी संवाद साधावा असं आमंत्रण देतात. शब्द बदलले पण पैसा त्याच घरातून येतो. ज्याला उत्तर आधीच माहीत आहे त्याने प्रश्नांचं म्युझियम काढलं तर तो कुठले प्रश्न गाळेल याचा विचार करा.

पोटोमॅककाठ

पाट्यांचं मी लिहायला हवं होतं, मान्य, आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. पण याच म्युझियमने मृत समुद्राच्या गुंडाळ्यांच्या, म्हणजे बायबलच्या सगळ्यात जुन्या हस्तलिखितांच्या तुकड्यांबाबत काय केलं तेही बघा. त्यांच्याकडे १६ तुकडे होते. शंका आल्यावर पाच जर्मनीत तपासायला पाठवले, २०१८ मध्ये ते संशयास्पद निघाल्यावर काचेतून काढले, मग बाहेरच्या तज्ज्ञांना सगळेच्या सगळे तपासायला दिले आणि मार्च २०२० मध्ये दोनशेहून जास्त पानांचा अहवाल जाहीर केला की सोळाही बनावट आहेत. बहुतेक तुकडे तर चर्मपत्र नव्हतेच, जुनं साधं चामडं होतं, कदाचित प्राचीन काळच्या पादत्राणाचं. स्वतःच्या सगळ्यात मोठ्या आकर्षणाबद्दल असं जगाला सांगायला धैर्य लागतं. २०२२ मध्ये एक हजार वर्षं जुनं हस्तलिखित शुभवर्तमान ग्रीसमधल्या मठाला परत दिलं, जे पहिल्या महायुद्धात तिथून लुटून नेलेलं. माणूस चुकतो, मग दुरुस्त करतो, त्याचं काहीच मोल नाही का.

अरुंधती_के

मोल आहे. पण विकत घेताना कागद मागितले असते तर दुरुस्तीची वेळच आली नसती. घाई का झाली? कारण पवित्र वस्तू हातात यायची ओढ होती, आणि त्या ओढीपायी बनावट माल विकणाऱ्यांचं फावलं. माझा आक्षेप श्रद्धेवर नाहीये, श्रद्धेमुळे खरेदी करताना डोळे मिटले गेले त्यावर आहे.

नगरची_लेक

मी मराठी ख्रिस्ती आहे, आमच्या घरी बायबल मराठीतूनच वाचतात, त्यामुळे वाचताना जरा त्रास झाला ते सांगते. बायबलबद्दल काहीही निघालं की पहिला शब्द प्रचार येतो. १६१६ साली गोव्यात रायतूरला फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, जवळजवळ ११००० ओव्या, लोकांना आपल्या कानाला ओळखीच्या छंदात ऐकता यावं म्हणून. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल आणलं, १९२२ मध्ये गेल्या तोपर्यंत त्याच कामात होत्या. ग्रंथ माणसापर्यंत नेणं हे काम आहे, कष्टाचं काम आहे, आणि ते प्रेमाशिवाय होत नाही एवढं धाग्याच्या मालकांचं मला पटतं.

पण त्याच म्युझियममध्ये २०१८-१९ ला जे प्रदर्शन होतं त्याबद्दल इथे कुणीच कसं बोललं नाही? १८०७ मध्ये लंडनला छापलेलं बायबल, वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी खास निवडलेले भाग. मूळच्या ११८९ अध्यायांपैकी २३२ ठेवलेले. योसेफ गुलाम होतो ती गोष्ट ठेवली आणि मोशे आपल्या लोकांना गुलामीतून बाहेर काढतो ते काढून टाकलं. दासांनो मालकांचं ऐका हे ठेवलं, ख्रिस्तात दास नाही आणि स्वतंत्र नाही हे गाळलं. मी फक्त त्याबद्दल वाचलंय आणि वाचून रडले. माझ्याच ग्रंथाला माझ्याच धर्माच्या लोकांनी कात्री लावली, आणि ते भाविकांच्या म्युझियमने काचेत ठेवून दाखवलं. वेताळटेकडी, कुठले प्रश्न गाळतील विचारलंत ना, हा तर नाही गाळला.

वेताळटेकडी

हे मला माहीत नव्हतं. तेवढ्यापुरता माझा शब्द मागे घेतो. तरीही ते ग्रंथाच्या वापराबद्दल झालं, ग्रंथाची घडण कशी झाली, किती हातांनी झाली, कुठल्या प्रतीत काय वेगळं आहे हे दाखवणं जास्त अवघड असतं भाविकाला.

बासनातली_पोथी

इथेच मला बोलायचंय कारण हस्तलिखितांची सूची करणं हे माझं रोजचं काम आहे. भाविकाला पाठभेद दाखवणं अवघड असतं असं म्हणताय तर एकनाथांचं काय करायचं? ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये लोकांनी आपापल्या ओव्या घुसवल्या होत्या, पाठ बिघडले होते, नाथांनी प्रती गोळा करून शके १५०६ म्हणजे १५८४ साली शुद्ध प्रत केली आणि शेवटी बजावून ठेवलं की यात आपली ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवतोय. ज्ञानेश्वरांवर नाथांइतकी श्रद्धा कुणाची होती? श्रद्धा होती म्हणूनच तर कुठली ओवी माउलींची आणि कुठली नाही याची तळमळ होती. तीच तळमळ पुढे भांडारकर संस्थेत दिसते, महाभारताच्या १२५९ हस्तलिखितांचा ताळा घालत घालत चिकित्सक आवृत्ती १९६६ ला पुरी झाली, त्यात अर्धी हयात घालवलेले लोक काही सगळे नास्तिक नव्हते.

म्हणून भाविक की अभ्यासक ही वाटणीच मला चुकीची वाटते. मी दोनच गोष्टी विचारीन, वस्तू कुठून आली ते पाटीवर लिहिलंय का आणि दुसऱ्या प्रतीत वेगळं आहे तिथे ते वेगळं दाखवलंय का. बस.

आणि आपल्याकडचं बोलायचं तर जिव्हारी लागतं. एका जिल्ह्याच्या गावच्या संग्रहालयात मी गेले होते, नाव सांगत नाही, पोथी काचेखाली उघडी ठेवलेली, वरून ट्यूबलाइट, खाली पाटीवर फक्त "प्राचीन पोथी". कुणाची, कुठली, कुठल्या शकातली, लिहिणारा कोण, काही नाही. ज्या लेखनिकाने शेवटच्या पानावर तेलापासून पाण्यापासून सैल बांधणीपासून मला जपा अशी पोथीच्या तोंडून विनवणी लिहिली त्याचं नावसुद्धा आपण वाचत नाही.

दिंडी_नंबर_बारा

मला हे सगळं काचेचं प्रकरणच मान्य नाही. ग्रंथ वाचायचा असतो, म्हणायचा असतो. देहूच्या गाथा मंदिरात तुकोबांचे अभंग संगमरवरावर कोरलेत, वारीच्या दिवसांत बघा, बायका भिंतीवर बोट ठेवून एकेक ओळ मोठ्याने वाचतात, एकीने सुरुवात केली की दुसरीला पुढचं पाठ असतं. तिथे लेझर नाही, वेष घातलेली माणसं नाहीत. पन्नास कोटी डॉलर खर्चून जे वॉशिंग्टनला करावं लागलं ते आमच्याकडे भिंत आणि बोट यावर होतं. पाठभेद दाखवायला गेलात तर त्या बाईची पाठ असलेली ओळ चुकीची ठरवाल, तिला का दुखवायचं?

बासनातली_पोथी

तिची ओळ चुकीची कोण म्हणतंय. तिला इतकंच सांगायचं की बाई, तुझ्या ओळीचं एक भावंड देहूच्या प्रतीत आहे आणि एक पंढरपूरच्या. मी वारकरी आज्यांना प्रती दाखवल्यात, त्या दुखावत नाहीत, दोन्ही म्हणून बघतात आणि मला सांगतात कुठली चालीत बसते.

दिंडी_नंबर_बारा

हे मात्र आवडलं. पण काचेबाबत माझं मत तेच.

अरुंधती_के

बासनातली, तुमचे दोन्ही निकष मला मान्य. त्या निकषावर वॉशिंग्टनचं म्युझियम २०१७ साली नापास होतं, आज पास आहे की नाही ते जाऊन आलेल्याने सांगावं. मी तरी तिकीट काढणार नाही.

पोटोमॅककाठ

नाताळच्या सुट्टीत मुलीला घेऊन परत जाणार आहे. या वेळी प्रत्येक काचेपुढे आधी वस्तू कुठून आली ते वाचीन आणि इथे लिहीन, चांगलं वाईट जे असेल ते. बासनातली, पुढच्या वर्षी भारतात येतोय तेव्हा आईला पोथ्या दाखवायच्यात. कुठे नेऊ?

बासनातली_पोथी

धुळ्याला न्या, समर्थ वाग्देवता मंदिरात. शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगावच्या मठांतून फिरून गोळा केलेली समर्थ संप्रदायाची बाडं आहेत, समर्थांच्या हातचं म्हणून जपलेलं वाल्मीकी रामायण आहे. जायच्या आधी कळवून जा आणि आईंना सांगा की पानं हाताळू देतील असं धरून चालू नका, पण अक्षर डोळे भरून बघता येईल.