मदत हवी आहे: पऱ्हाटीचं नाताळ-झाड, कबाडातले कंदील आणि पांढऱ्या चादरीवरची गुलाबी अळी

नमस्कार मंडळी,

मी अचलपूर तालुक्यातल्या एका लहान गावातून लिहिते आहे. आमची ख्रिस्ती मंडळी अवघी 23 घरांची. चर्च म्हणजे एक कौलारू खोली, पुढे ओटा, ओट्यापुढे कडुनिंब. यंदा नाताळच्या सजावटीचं काम पाळकसाहेबांनी महिला संघाकडे दिलं आणि संघानं ते माझ्या गळ्यात घातलं. हातात तीन आठवडे आहेत.

दहा-बारा वर्षांपूर्वी नागपूरच्या इतवारीतून आणलेलं प्लास्टिकचं झाड आम्ही दर वर्षी उभं करतो. आता त्याची हिरवी पाती झडून नुसती तार दिसते. नवं आणायचं की नाही यावर बरीच चर्चा झाली. शेवटी मीच म्हटलं की काही विकत नको, जुन्यातून करू. पैसे वाचावेत हे तर आहेच, पण माझ्या मनात दुसरंही होतं. लूकच्या शुभवर्तमानात बाळाला गव्हाणीत निजवलं असं लिहिलंय. आमच्या पोरांना गव्हाण समजावून सांगावी लागत नाही, ती रोज गोठ्यात तिच्यात कुटार (जनावरांचा भुसा) टाकतात. आणि चर्चमध्ये त्याच पोरांपुढे आम्ही थर्माकोलची गव्हाण ठेवतो, वर थर्माकोलचा बर्फ! मला यंदा आपल्या घरातल्या, वावरातल्या वस्तूंनी सजलेलं चर्च त्यांना दाखवायचंय.

परतवाड्याच्या एका कबाड्याकडे दोन चकरा मारल्या. तिथून 6 जुने कंदील, बैलांची तुटकी घागरमाळ (त्यातली 14 घुंगरं शाबूत), दोन तेलाचे पिपे आणि कुठल्याशा रिकाम्या झालेल्या बंगल्यातून आलेलं काचेच्या गोळ्यांचं खोकं, एवढं आणलं. बाकी सगळं वजनावर मिळालं, कंदील मात्र त्यानं नगावर लावले. घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, "काहून आणलं हे कबाड? लोकं फेकून राहिले अन् तू उचलून राहिली." पण जरा वेळानं त्यांनी स्वतःच एक कंदील हातात घेतला. वात वर-खाली करायची चकरी जाम झाली होती, ती अंगठ्यानं हळूहळू फिरवत बसले. मामंजी रात्री रानडुकरं हाकलायला असाच कंदील घेऊन वावरात जात. नंतर त्या कंदिलाबद्दल हे एक शब्दही बोलले नाहीत. तो तेवढा त्यांनी वेगळा काढून ठेवलाय.

आता अडचणी सांगते. सगळ्यात मोठी अडचण झाडाची आहे.

झाड पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, करायचं मी ठरवलं. वेचणी झालेली उभी पऱ्हाटी नीट पाहिलीत तर तिचा आकार मुळातच खाली रुंद आणि वर निमुळता असतो. फांद्यांवर उघडी, वाळलेली बोंडं असतात, ती चार-पाच पाकळ्यांच्या लाकडी फुलासारखी दिसतात. आमच्याच वावरातल्या सात पऱ्हाट्या उपटल्या, एकत्र बांधल्या, तेलाच्या पिप्यात रेती भरून उभ्या केल्या आणि चर्चमध्ये कोपऱ्यात ठेवल्या. इतकं देखणं दिसत होतं! तिसऱ्या दिवशी शब्बाथ शाळेतली एक लहान पोरगी बोटावर काहीतरी घेऊन माझ्याकडे आली. गुलाबी अळी. झाडाखालच्या पांढऱ्या चादरीवर आणखी चार सापडल्या. कापूस पेरणाऱ्या घराला ही अळी कोणती ते सांगायला नको. त्याच क्षणी झाड बाहेर नेलं. आता ते ओट्यावर पडून आहे आणि माझ्या मनाला लागून राहिलंय. अळी मारून हेच झाड वापरता येईल का? की पऱ्हाटीचा नादच सोडू?

दुसरं कंदिलांचं. उरलेले पाचही कंदील ओट्याच्या वाश्याला टांगून आत दिवे लावायचे आहेत. पण पत्र्याला जंग चढलाय आणि टाक्यांना अजून रॉकेलचा वास येतो. एका कंदिलाला मी चिंच-मीठ लावून पाहिलं. जंग थोडा निघाला, पण दुसऱ्या दिवशी तिथेच नवा पिवळा जंग आला.

तिसरं, झाडावर बर्फासारखा कापूस लावावा असं संघातल्या बायकांचं म्हणणं आहे. घरचाच कापूस आहे, त्यांना हौस आहे. पण नाताळच्या आदल्या रात्रीच्या उपासनेत आम्ही सगळे हातात मेणबत्त्या घेऊन उभे राहतो. मला धाकधूक वाटते.

आणि त्या काचेच्या गोळ्या. खोक्यात 11 होत्या, आता 10 आहेत. धुळीनं माखलेल्या होत्या म्हणून एक साबणाच्या पाण्यात बुडवली, तर बाहेरचा लाल रंग माझ्या बोटांना लागला आणि आतली चांदी कागदासारखी सुटून पाण्यात तरंगली. हातात नुसती काच राहिली. उरलेल्या कशा पुसू?

ज्यांनी असं काही केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १ (वरूडकर शेतकरी)

ताई, झाड चर्चबाहेर काढलं ते चांगलं केलं. पण ओट्यावरही ठेवू नका, आजच्या आज त्याचं काहीतरी करा.

कापसाची बोंडं पोखरणारी ही गुलाबी बोंडअळी पीक संपलं की मरत नाही. सरकीत किंवा वाळक्या बोंडात सुप्त होऊन पडून राहते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन बाहेर येते. म्हणून तर फरदड (वेचणीनंतर त्याच झाडांवर पुन्हा धरलेलं पीक) घेऊ नका, डिसेंबरअखेर शेत मोकळं करा, पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर लावू नका, असं कृषी खातं आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था दर वर्षी सांगते. तुमच्या झाडाला उबदार खोली मिळाली, अळ्या बाहेर पडल्या, एवढंच.

पऱ्हाटीचा नाद मात्र सोडू नका. ज्या वावरात वेचणी पूर्ण झालीय तिथल्या पऱ्हाट्या घ्या. एकूण एक बोंड तोडून टाका, हिरवं, अर्धवट उघडलेलं, किडून कवडीसारखं घट्ट झालेलं, सगळं. अळी त्यांच्यातच असते. नुसत्या फांद्या उरल्या की ताडपत्रीवर आपटा आणि चार-पाच दिवस कडक उन्हात उलटसुलट करा. ताडपत्रीवर जे पडेल ते तिथल्या तिथे जाळा.

बोंडांची फुलं हवीच असतील तर पूर्ण उघडलेली, कापूस आणि सरकी शेवटच्या कणापर्यंत काढलेली टरफलंच घ्या. एक-एक हातात घेऊन आत बघा. टरफलाला बारीक गोल छिद्र दिसलं तर ते सरळ चुलीत. चांगली निघालेली टरफलं वेगळ्या धाग्यानं झाडाला बांधा. थोडं किचकट काम आहे, पण शब्बाथ शाळेची पोरं हौसेनं करतील. नाताळ झाला की जानेवारीत झाड चुलीला लावा. पुढच्या वर्षासाठी माळ्यावर ठेवू नका, ही माझी कळकळीची विनंती.

प्रतिसाद २ (पत्र्याचं काम करणारा)

ताई, चिंच लावल्यावर कंदील धुवून लगेच सुकवला होता का? आंबट पदार्थ जंग काढतो, पण तो अंगावर राहिला आणि पत्रा ओला राहिला की उघड्या लोखंडाला रातोरात नवा जंग धरतो. तुमचं तेच झालंय.

आणखी एक. बऱ्याच जुन्या कंदिलांच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो. आख्खा कंदील चिंचेत किंवा व्हिनेगरमध्ये बुडवला तर चांगल्या जागेवरचं जस्तही खाल्लं जातं. म्हणून जंगाच्या डागावरच व्हिनेगरमध्ये भिजवलेली चिंधी गुंडाळून चार-पाच तास ठेवा. मग तारेच्या घासणीनं घासा, खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, कोरड्या फडक्यानं पुसा आणि लगेच उन्हात ठेवा. त्याच दिवशी संध्याकाळच्या आत डागांवर रेड ऑक्साइडचा (जंग रोखणाऱ्या रंगाचा) एक पातळ हात द्या. दुसऱ्या दिवसावर ढकललं की पुन्हा जंग आलाच समजा.

आधीचा रंग पापुद्र्यानं निघत असेल तर कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भागांच्या) वर नको हा नियम आपल्याकडे 2017 मध्ये लागू झाला. त्याआधीच्या रंगात किती शिसं असेल ते डोळ्यांना कळत नाही. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, घराबाहेर, तोंडाला फडकं बांधून घासा. पोरांना या कामाला बसवू नका.

टाकीत धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी भरून खळखळून ओता. तीन-चार वेळा करा. नंतर झाकण काढून आठवडाभर उन्हात राहू द्या. वास पूर्ण जाईपर्यंत त्या टाकीला डाग द्यायला (झाळायला) किंवा भोक पाडायला कोणाकडे नेऊ नका. आत साचलेली वाफ पेटते.

प्रतिसाद ३ (वायरमन, दर्यापूर)

कंदिलात सेलवरची एलईडी माळ घाला. टाकीला भोक पाडायची गरज नाही, माळ काचेत गोळा करून ठेवायची आणि सेलची डबी टाकीमागे बांधायची. लाइट गेली तरी ओटा उजळलेला राहील.

कापसाबद्दल तुमची धाकधूक खरी आहे. सुटा कापूस क्षणात पेटतो आणि वरची ज्योत विझली तरी आतून धुमसत राहतो. मेणबत्त्या घेऊन माणसं उभी राहणार असतील तर झाडावर कापूस नकोच. झाडही सुकं लाकूडच आहे, ते वेदीच्या बाजूला लोकांपासून चार-पाच हात दूर ठेवा, आणि जवळ पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवा. चर्चच्या बोर्डावरून माळ लावणार असाल तर वायरचे जोड उघडे ठेवू नका, वायरिंगची चिकटपट्टी नीट गुंडाळा.

प्रतिसाद ४ (मूळची यवतमाळची, आता पुण्यात)

बर्फाला चुना वापरा! आम्ही उमरीला असताना आई पोळ्याआधी भिंती रंगवायला चुन्यात बाभळीचा डिंक घालायची, म्हणजे हात लावला तर तो अंगाला लागत नसे. तसाच घट्टसर चुना पऱ्हाटीच्या टोकांना कुंचल्यानं लावा. ओला असताना फिका दिसतो, वाळला की लख्ख पांढरा होतो. डोळ्यात जाऊ देऊ नका एवढंच.

काचेच्या गोळ्यांना पाणी अजिबात नको. त्यांची चांदी आतल्या बाजूला असते आणि रंग वरून दिलेला असतो. टोपण काढून आत पाणी गेलं की संपलं. रंगाच्या मऊ कोरड्या कुंचल्यानं धूळ झटका. वरच्या तारेवर भरवसा ठेवू नका, नवा दोरा ओवा. जी धुतली गेली ती फेकू नका, तिच्यात एलईडीचा एक दिवा सोडा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. वरूडच्या भाऊ, तुमचं वाचलं आणि ते झाड त्याच संध्याकाळी ओट्यापुढे जाळलं. जीवावर आलं, पण शेजारचं वावरही कापसाचंच आहे. आता वेचणी संपलेल्या वावरातून नव्या नऊ पऱ्हाट्या आणल्यात. पोरांनी बोंडं तोडून दिली, टरफलं एकेक करून पाहिली. दोनशेच्या वर तपासली, त्यातली 61 ठेवली. झाड गच्चीवर उन्हात आहे.

दोन कंदिलांचं काम तुम्ही सांगितलं तसं झालं, तिसरा व्हिनेगरच्या चिंधीत आहे. आमच्या ह्यांनी वेगळा काढलेला कंदीलही काल आपणहून आणून दिला. टाकी धुतलेली होती, चकरीला तेल दिलेलं होतं. म्हणाले, हा दाराशी टांग.

कापसाचं संघात बोलले. बायका आधी नाराज झाल्या. मग ठरलं की झाडाला चुना आणि कापूस गव्हाणीत. गव्हाण खरी आणतोय, आमच्या गोठ्यातली जुनी सागवानी, एक पाय मोडलेली. खाली कुटार, वर प्रत्येक घरातून एक-एक मूठ कापूस. तिच्याजवळ मेणबत्ती नाही आणि वायरही नाही, फक्त दाराच्या कंदिलाचा उजेड पडेल तेवढा.

आता एकच राहिलं. 14 घुंगरं काळी पडली आहेत. पितळ आहे की लोखंडावरचा मुलामा ते कळावं म्हणून लोहचुंबक लावून पाहिलं. 12 ना चिकटलं नाही, दोनांना चिकटलं. त्या 12 घुंगरांना चिंच लावून चमकवू, की बैलाच्या मानेवर घासून आलेली ती काळी झाक तशीच राहू देऊ? माझं मन राहू द्यावं याकडे आहे, पण संघात दोन मतं आहेत. शनिवारी बांधायची आहेत, त्याआधी सांगा.