आधी पिक्सेल कमी करा, मग क्वालिटी

‘फोटो १ एमबीत बसवायला सेव्ह करताना क्वालिटी ३० केली आणि आकाशात चौकोन दिसू लागले’ म्हणताय, ते होणारच. जेपेग, म्हणजे फोटो दाबून साठवायचा फॉरमॅट, ८×८ पिक्सेलच्या ठोकळ्यांत काम करतं. फार दाबलं की ठोकळे उघडे पडतात. आधी पिक्सेल कमी करा. ४०००×३००० चा फोटो १६००×१२०० केला की १ कोटी २० लाख पिक्सेल १९ लाखांवर येतात. मग क्वालिटी ८५ ठेवली तरी फाइल बहुतेकदा मर्यादेत बसते. इरफानव्ह्यू या फोटो बघायच्या प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-आर दाबा, नवा आकार भरा, की झालं. डीपीआयच्या (इंचाला किती ठिपके) आकड्याकडे बघूही नका, तो छपाईसाठी.

आणि हो, ‘सेव्ह अ‍ॅज’च करा. मी एकदा मूळ फाइलवरच सेव्ह केलं. राजगडावरचा सूर्योदय आता १६०० पिक्सेलचाच उरलाय.