पाणी सोडणाऱ्या दादांना काढा म्हणून ग्रामसभेत दबाव येतोय, काय करावं?

वॉर्ड दोनची सदस्य
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच ग्रामपंचायत सदस्य झालेय. आमच्याकडे पाणी सोडायला जे दादा आहेत ते बारा वर्षं काम करतायत पण आकृतिबंधात, म्हणजे शासनाने मंजूर केलेल्या पदांच्या यादीत नाव नाही, त्यामुळे पगारातला शासनाचा हिस्सा येत नाही, पंचायत स्वनिधीतून, म्हणजे स्वतःच्या उत्पन्नातून देईल तेव्हाच पगार आणि आता चार महिने तोही थकलाय. 1 मेच्या ग्रामसभेला वरच्या आळीच्या बायका रिकामे हंडे घेऊनच आल्या, आठ दिवसांनी पाणी येतं तेही पंधरा मिनिटं. दोघातिघांनी उठून सांगितलं हा माणूस मुद्दाम खालच्या आळीला जास्त सोडतो, आत्ताच काढायचा ठराव घ्या. मी थांबवलं पण आता दोन्हीकडून बोलणी खातेय.
परवा रात्री मी आणि आमचे हे टाकीवर जाऊन आलो. थ्री फेज लाईट दोनला आली, तोवर दादा मोटारीपाशी पोतं अंथरून बसलेले, टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) कालवून कालवून बोटांना भेगा पडल्यात. टाकी अर्धीच भरते तर वर प्रेशर येणार कुठून? नियमाने काय करता येईल आणि गावाला कसं सांगायचं?

निवृत्त ग्रामसेवक
ताई, थांबवलंत ते बरोबरच केलंत. कर्मचारी नेमायचा अधिकार 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमात कलम 61 ने पंचायतीला दिलाय. ग्रामसभा हजेरी बघू शकते, कामाचा आढावा घेऊ शकते, गैरप्रकार असेल तर पंचायत समितीला कळवू शकते, पण हात वर करून माणूस घरी पाठवता येत नाही. तक्रार लेखी घ्या, त्यांना नोटीस द्या, खुलासा मागवा, मग मासिक सभेच्या अजेंड्यावर विषय. आणि प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त लिहून झाल्याशिवाय सही करू नका, कोऱ्या पानावर तर अजिबात नको, माझ्या नोकरीत सगळ्यात जास्त भांडणं त्याच्यावरून बघितली.
आकृतिबंध लोकसंख्येवर ठरतो, तुमच्या गावाला किती पदं आहेत आणि एखादं रिकामं आहे का हे पंचायत समितीत विस्तार अधिकाऱ्यांना विचारा. आकृतिबंधात नाही म्हणून किमान वेतन नाही असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका, ते सगळ्या कर्मचाऱ्यांना लागू आहे.

पंचायतीतला लिपिक
मी स्वतः कर्मचारी आहे म्हणून कळकळीने लिहितोय. दादांचा नेमणुकीचा ठराव कपाटात आहे का तो आधी शोधा, बारा वर्षांची हजेरी, व्हाऊचर सगळ्याची झेरॉक्स काढून ठेवा. जिल्हा परिषदेच्या वर्ग 3 आणि 4 च्या भरतीत ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांना 10 टक्के जागा असतात, कागद नाही म्हणून चांगली चांगली माणसं त्यातून बाहेर राहिली आणि मग वय निघून जातं. दुसरं म्हणजे वसुली. शासनाचा हिस्सा पण करवसुलीवर ठरतो, वसुली कमी तर हिस्सा कमी, म्हणजे घरपट्टी थकवणारा गावातला आणि पगार कापला जाणार आमचा!! ग्रामसभेत सगळ्यात मोठ्याने बोलणाऱ्यांची पाणीपट्टी भरलीय का तेवढं रजिस्टरला बघा.

शेजारच्या तालुक्यातली सदस्य
आमच्याकडे पण हेच होतं. आम्ही व्हॉल्वपाशी एक वही ठेवली, लाईट किती वाजता आली, टाकी किती फूट भरली, कुठल्या आळीला किती मिनिटं, आणि शेवटी त्या आळीतल्याच एका बाईची सही. पहिल्या आठवड्यात रोज भांडण झालं, मग बायकाच एकमेकींना सांगायला लागल्या की आज टाकी दोनच फूट होती. लाईट गेली तर सकाळी सहालाच ग्रुपवर मेसेज, ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांच्यासाठी फळ्यावर. वरच्या आळीचं पाणी तसं खरंच कमीच होतं हो, त्यांचा राग खोटा नव्हता. तिकडे वेगळी लाईन टाकावी लागली, ते काम गावाच्या विकास आराखड्यात घ्यायला वर्ष गेलं.

वॉर्ड दोनची सदस्य
खूप आभार सगळ्यांचे. नेमणुकीचा ठराव सापडला, बारा वर्षांपूर्वीचाच, सूचक माझे सासरेच आहेत. थकलेल्या पगाराचा विषय येत्या मासिक सभेत घ्या म्हणून लेखी पत्र आज दिलंय आणि पोच घेतलीय. वही उद्यापासून सुरू करतोय, पहिली सही वरच्या आळीच्या त्या हंडेवाल्या मावशींचीच घेणार.