मदत हवी आहे: ‘मंक’च्या मराठी सबटायटल्ससाठी शब्द

‘मंक’ (2002 ते 2009, 8 सीझन, 125 भाग) या अमेरिकन गुप्तहेर मालिकेची मराठी सबटायटल्स करताना तीन ठिकाणी गाडी अडतेय.

पहिलं, ओसीडी, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मानसिक आजार. ‘मंत्रचळ’ हा नेमका शब्द आहे, पण पुष्कळांना तो चेष्टेचा वाटतो. ‘स्वच्छतेचं वेड’ मात्र मुळीच नको. मालिकेतला गुप्तहेर एड्रियन मंक याचा त्रास नुसता जंतूंचा नाही. मोजणं, वस्तू सरळ रेषेत लावणं, खांबांना हात लावत चालणं हेही त्यात येतं. खोलीत तसूभर हललेली वस्तू त्याला खटकते ती यामुळेच. तिसऱ्या सीझनमध्ये औषधाने त्रास ओसरतो आणि तपासाची नजरही जाते. शब्द चुकला तर तो भाग कळणारच नाही.

दुसरं, संबोधन. मंकची पहिली मदतनीस शॅरोना त्याला ‘एड्रियन’ म्हणते, नंतरची नॅटली ‘मिस्टर मंक’. म्हणून शॅरोनाच्या तोंडी ‘तू’ आणि नॅटलीच्या तोंडी ‘तुम्ही’ दिलंय. पोलिस कॅप्टन स्टॉटलमायर मंकचा जुना सहकारी, तिथे ‘तू’च ना?

तिसरं, ‘वाइप’. हस्तांदोलन झालं की मंक एवढंच म्हणतो आणि मदतनीस ओला टिश्यू पुढे करते. ‘टिश्यू दे’मध्ये तो तुटकपणा जातो, ‘पुसणं’ म्हटलं की ओट्यावरचं फडकं आठवतं. एका शब्दात काय बसेल?

गुन्ह्याच्या उलगड्याआधीचं मंकचं ‘तर झालं असं’ मात्र चपखल बसलंय, त्याला हात लावायचा नाही.