'टिलर'चे अर्थ : सोसायटी ग्रुपवरची चर्चा

मीनल, सी-३०३: चिरंजीवांच्या सेलिंग कोर्सच्या कागदावर लिहिलंय, 'टिलर शिडाकडे ढकला'. शब्दकोश म्हणतो टिलर म्हणजे जमीन कसणारा. आता काय समजायचं?

सावंत काका, ए-१०१: मीनल, बोटीतला टिलर म्हणजे सुकाणूचा दांडा. सुकाणूच्या डोक्यात बसवलेला, बोटीच्या आत येणारा. लहान बोटीत त्यालाच पुढे एक बारीक जोडदांडी असते, म्हणजे कडेवर बसूनही हात पोचतो. दांडा डावीकडे नेला की पाण्यातलं पातं उजवीकडे वळतं आणि नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, उजवीकडे जाते. सगळं उलटं. पोरं पहिल्या दिवशी इथेच गोंधळतात.

शिडाच्या बोटीत डावं-उजवं विसरायला सांगा. आपण वारा येतो त्या बाजूला, शिडाकडे तोंड करून बसतो. दांडा शिडाकडे ढकलला की नाळ वाऱ्याकडे वळते, शीड फडफडतं, वेग पडतो. घाबरलं की हेच करायचं, आणि शिडाची दोरी सैल सोडायची. दांडा स्वतःकडे ओढत राहिलं तर बोट वाऱ्याला पाठ देते आणि शिडाखालचा आडवा दांडा सपकन या बाजूचा त्या बाजूला येतो. डोकं खाली!

कौस्तुभ, बी-६०४: काका, टायटॅनिकमध्ये 'हार्ड अ-स्टारबोर्ड' हुकूम देतात आणि जहाज डावीकडे वळतं, ते यामुळेच?

सावंत काका, ए-१०१: बरोब्बर. १९१२ साली ब्रिटिश जहाजांवर सुकाणूचं चक्र होतं, पण हुकूम दांड्याच्या भाषेत. स्टारबोर्ड म्हणजे दांडा उजवीकडे, जहाज डावीकडे. ही पद्धत १९३० च्या दशकात मोडीत निघाली.

आणखी एक. बोट थांबली असेल तर दांडा कितीही हलवा, काही होत नाही. पात्यावरून पाणी वाहायला हवं. बोट मागे सरकत असेल तर नाळ दांड्याच्याच दिशेला जाते. आणि दांडा एकदम पूर्ण आडवा करू नये, पातं वळवायच्या ऐवजी ब्रेक होतं.

पाटील दादा, डी-२०२: उलटं म्हणताय तर आमच्या पॉवर टिलरचं, म्हणजे नांगरटीच्या दोन चाकी यंत्राचं ऐका. हॅण्डलखाली दोन्ही बाजूंना स्टिअरिंग क्लच. सपाटीवर डावा दाबला की डाव्या चाकाची ताकद तुटते, गाडी डावीकडे. पण उतारावर ट्रॉली लावून खाली येताना इंजिनच चाकांना रोखून धरत असतं. तिथे डावा क्लच दाबला तर डावं चाक मोकळं सुटून पुढे पळतं आणि गाडी उजवीकडे जाते! कोकणातल्या घाटीच्या रस्त्यावर नवा माणूस इथेच फसतो. उतारावर क्लचला हात नको, गिअर खालचा, हॅण्डल अंगाने वळवायचं. न्यूट्रल तर कधीच नाही.

देशमुख सर, ए-५०३: आणि शेतीत तिसरा टिलर राहिला. भात, गहू, ऊस यांना बुडातून येणारे फुटवे, तेसुद्धा टिलरच. उत्पादन त्यांच्यावरच ठरतं. भाताचं रोप २-३ सें.मी. पेक्षा खोल लावलं की खालची पेरं चिखलात गाडली जातात आणि फुटवे उशिरा, कमी येतात. रोप जुनं झालं तरी तेच. फुटव्यांच्या काळात बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, पाणी जेमतेम २-३ सें.मी. ठेवावं. भरपूर पाणी म्हणजे भरपूर भात हा समज काढून टाका.

भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीत आलटून-पालटून १५ आणि २५ सें.मी. अंतराने चार-चार चुडांचे (एकत्र लावलेल्या रोपांचे) चौकोन पडतात. प्रत्येक चौकोनाच्या मधोमध २.७ ग्रॅमची युरिया-डीएपी खताची गोळी, लावणीच्याच दिवशी, ७-१० सें.मी. खोल. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, म्हणजे सुमारे १७० किलो. गोळी वरच राहिली तर नत्र उडून जातं, फायदा शून्य. आणि फुटव्याचा मधला पोंगा (गुंडाळलेलं कोवळं पान) वाळलेला दिसला व ओढल्यावर अलगद हातात आला, तर खोडकिडा.

कौस्तुभ, बी-६०४: तिन्ही शब्द एकाच मुळाचे?

देशमुख सर, ए-५०३: नाही. कसणारा आणि फुटवा जुन्या इंग्रजीतलेच, पण वेगवेगळ्या शब्दांतून. बोटीचा जुन्या फ्रेंचमधून, विणकराच्या मागाच्या तुळईवरून.

ॲड. जोशी, सी-७०१: आमच्याकडेही आहे बरं का! कूळकायद्यातला 'टिलर्स डे', मराठीत कृषक दिन, १ एप्रिल १९५७. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ नुसार त्या दिवशी जमीन कसणारं कूळ मालक मानलं गेलं. कलम ३२-ग ची चौकशी होऊन किंमत ठरते, ती भरली की ३२-म चं प्रमाणपत्र. गावच्या सातबाऱ्यावर कलम ४३ चा (जमीन विकण्यावर निर्बंधाचा) शेरा दिसला तर ते प्रमाणपत्र आधी शोधा. विदर्भ-मराठवाड्याचे कायदे वेगळे आहेत, ही कलमं तिकडे लावू नका.

चेअरमन, बी-१०१: पाटील दादा, मागच्या बागेसाठी सोसायटीने एक टिलर घ्यावा का? फंडात पैसे आहेत.

पाटील दादा, डी-२०२: साहेब, रोटरीसकट (माती कापणाऱ्या फिरत्या पात्यांसकट) चारशे किलोच्या आसपास वजन, तेरा एचपी डिझेल. तुमच्या बागेत वळायलाच जागा नाही, पाण्याची पाइपलाइन फाडेल ती वेगळी. फारच हौस असेल तर लहान पॉवर विडर (तण काढायचं छोटं यंत्र) भाड्याने आणा. नवीन पाती बसवताना धारेची बाजू फिरण्याच्या दिशेला येऊ द्या. उलटी लागली तर माती कापत नाही, नुसती बडवते आणि यंत्र हातात उड्या मारतं. पाती आत वळवून लावली की माती मधे जमून वरंबा होतो, बाहेर वळवली की मधे चर पडते. सपाट हवं तर आलटून-पालटून लावायची.