माळ्यावरचा हँडीकॅम आणि एकवीस कॅसेट

बी-३०४
सोसायटीच्या गटावरील सर्वांना नमस्कार. दिवाळीच्या साफसफाईत काल माळ्यावरून बाबांचा २००४ सालचा मिनी-डीव्ही कॅमेरा खाली काढला. सोबत चपलांच्या खोक्यात एकवीस कॅसेट निघाल्या, त्यांतल्या एकीवर बाबांच्या अक्षरात ‘मुंज, भाग २’ असे लिहिलेले आहे. भाग १ मात्र सापडत नाही. कॅमेरा चार्जरला लावला तर चालू होतो, परंतु कॅसेट आत घातली की दोन क्षण घरघरतो आणि ती बाहेर टाकतो. स्टेशनजवळच्या एका स्टुडिओत चौकशी केली, तेव्हा प्रत्येक कॅसेटचे ६०० रुपये सांगण्यात आले; मात्र काम नेमके कसे करणार, याचे सरळ उत्तर मिळाले नाही. आपल्यापैकी अनेकांकडे त्या काळी असे कॅमेरे होते, म्हणून विचारतो: कॅसेट स्टुडिओला देऊन कॅमेरा भंगारात काढावा की कसे?

ए-१०१, जोशी काका
भंगारात मुळीच काढू नकोस. कॅसेट हे कुलूप मानले, तर तो कॅमेराच तिची किल्ली आहे, आणि अशा किल्ल्या आता नव्याने कोणी घडवत नाही.

जरा सविस्तर लिहितो. १९९५ साली हे डीव्ही तंत्र बाजारात आले, तेव्हा त्याचे वेगळेपण असे होते, की फितीवर चित्र उमटते ते आकड्यांच्या रूपात. काडेपेटीपेक्षा जेमतेम मोठ्या त्या डबीत ६.३५ मिलिमीटर रुंदीची फीत असते आणि कॅमेऱ्यातला ड्रम मिनिटाला ९,००० फेरे मारत तिच्यावर तिरक्या रेघा ओढत जातो. आपल्याकडच्या पाल या टीव्ही-चित्रपद्धतीत प्रत्येक चित्रासाठी अशा बारा रेघा लागतात. म्हणजे तुझ्या मुंजीचे चित्रीकरण आजही आकड्यांतच आहे. त्याचे रूपांतर करायचे नसून ते जसेच्या तसे संगणकावर उतरवून घ्यायचे आहे, आणि जो ‘कन्व्हर्ट करून देतो’ म्हणतो, त्याला थोडे अधिक प्रश्न विचारणे योग्य.

कॅसेट बाहेर टाकण्याची बहुधा दोन कारणे असतात. एक म्हणजे दमट हवा: आत ओल जाणवली की कॅमेरा फीत ड्रमला चिकटून फाटू नये म्हणून स्वतःच थांबतो. कॅसेटचे झाकण उघडे ठेवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह तो एका कोरड्या डब्यात दोन दिवस ठेव. हेअर ड्रायर लावू नकोस, माझ्या मेहुण्यांनी लावला होता आणि आतली प्लास्टिकची कडी वाकली. दुसरे कारण म्हणजे वर्षानुवर्षे न हललेल्या यंत्रणेतले वंगण घट्ट होते आणि गिअर अर्ध्यावर अडकतात. ते काम जाणकाराचे आहे. कोणताही प्रयोग करताना मुंजीची कॅसेट वापरू नकोस. ज्या कॅसेटचे नुकसान झाले तरी चालेल अशी एखादी आधी निवड.

सी-५०२, देशपांडे काकू
स्टुडिओचा अनुभव मी सांगते. पाच वर्षांपूर्वी आम्ही नऊ कॅसेट एका ठिकाणी दिल्या आणि नऊ डीव्हीडी घेऊन आलो. घरी लावल्यावर चित्र धुरकट वाटले, म्हणून आम्ही कॅसेटच जुन्या झाल्या असतील अशी मनाची समजूत घातली. पुढे भाच्याने त्यांतलीच एक कॅसेट आमच्याच कॅमेऱ्यावर लावली तेव्हा साडीची जरसुद्धा स्वच्छ दिसत होती. स्टुडिओने पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांच्या साध्या वायरने चित्र बाहेर काढून डीव्हीडीसाठी पुन्हा आवळून भरले होते. शिवाय फितीवर प्रत्येक दृश्याबरोबर तारीख आणि वेळ लपलेली असते, ती या मार्गाने येतच नाही. आता कोणत्या नातवाचे बारसे आधी आणि कोणाचे नंतर, यावरून आमच्याकडे वाद होतात.

म्हणून स्टुडिओला द्यायचेच असेल, तर दोनच प्रश्न विचारा: फायरवायरने (म्हणजे कॅमेऱ्यातले आकडे जसेच्या तसे संगणकात नेणाऱ्या वायरने) उतरवणार का, आणि मूळ डीव्ही फाइल देणार का. एका तासाच्या कॅसेटची फाइल साधारण १३ जीबी भरते. पेन ड्राइव्हवर ‘दोन जीबीत सगळे बसवून देतो’ असे कोणी म्हणाले, तर नमस्कार करून परत या.

ए-४०३
काकूंच्या म्हणण्याला दुजोरा देतो आणि एका चुकीबद्दल सावध करतो, कारण ती मी स्वतः केली आहे. कॅमेऱ्याला यूएसबीचे भोक असते, ते पाहून आपण निश्चिंत होतो. त्या काळच्या बहुतेक कॅमेऱ्यांत ते मेमरी कार्डावरची छायाचित्रे काढण्यासाठी किंवा फार तर टपाल तिकिटाएवढे हलते चित्र दाखवण्यासाठी असे. मी त्यातून सात कॅसेट उतरवल्या आणि मगच ते कळले. शेजारी ‘डीव्ही’ किंवा सोनीच्या कॅमेऱ्यावर ‘आय-लिंक’ लिहिलेले चार पिनांचे बारीक भोक असते, ते खरे दार.

अडचण संगणकाच्या बाजूला आहे. आजच्या लॅपटॉपला फायरवायर नसते. ॲपलच्या मॅक संगणकावर थंडरबोल्ट या जोडणीचे दोन अडॅप्टर एकापुढे एक जोडून काम होत असे, परंतु २०२५ मध्ये आलेल्या मॅकओएसच्या टाहो आवृत्तीपासून त्यांनी फायरवायरचा आधारच काढून टाकला आहे. ज्यांचा मॅक अद्याप जुन्या आवृत्तीवर आहे, त्यांनी घाईने अपडेट करू नये. बाजारात ‘यूएसबी ते फायरवायर’ म्हणून शे-दोनशे रुपयांची जी वायर मिळते, ती डीव्ही कॅमेऱ्यासाठी निरुपयोगी आहे, कारण दोन्हींची बोलण्याची पद्धतच वेगळी. दोन टोकांना दोन आकारांच्या पिना बसवल्या म्हणून ती जुळत नाही. सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे जुना डेस्कटॉप आणि त्यात बसवलेले फायरवायर कार्ड. माझ्याकडे असा एक आहे. विंडोज सात, पंखा ट्रकसारखा वाजतो, परंतु एकही चित्र गाळत नाही.

डी-२०१
कॅमेऱ्याबद्दल आत्मीयतेने लिहिले जात आहे, म्हणून थोडी विरुद्ध बाजूही मांडतो. आमचा कॅमेरा तळहातात मावत असे, हे खरे. परंतु तो इतका लहान करण्यासाठी कंपनीने कॅसेटचे दार खालच्या बाजूला दिले होते. तिपाईवर लावून लग्न चित्रित करताना तासाने कॅसेट संपली, की कॅमेरा तिपाईवरून सोडवा, पट्टी काढा, कॅसेट बदला, पुन्हा बसवा. तोवर सप्तपदीची तीन पावले होऊन गेलेली असत. शांत खोलीत घेतलेल्या प्रत्येक चित्रीकरणात मोटरची बारीक घूं ऐकू येते, कारण माइक आणि मोटर यांत दोन बोटांचेही अंतर नव्हते. बॅटरी किती मिनिटे उरली ते पडद्यावर दिसे, ही मात्र उत्तम सोय होती.

सी-१०४, कर्वे काकू
आमच्या कॅसेट कोणत्याच कॅमेऱ्यावर चालत नाहीत. दिरांनी २००३ साली न्यू जर्सीहून कॅमेरा आणला होता, तो नंतर बिघडला. शेजाऱ्यांच्या कॅमेऱ्यावर लावल्या तर पडदा निळा राहतो. कॅसेट खराब झाल्या असे समजावे का?

ए-१०१, जोशी काका
वहिनी, कॅसेट बहुधा ठीक असाव्यात. अमेरिकेतला कॅमेरा एनटीएससी पद्धतीचा असतो: ४८० ओळी आणि सेकंदाला जवळजवळ ३० चित्रे. आपल्याकडचा पाल पद्धतीचा: ५७६ ओळी आणि सेकंदाला २५. येथे घेतलेले अनेक कॅमेरे तिकडच्या फितीला ओळख दाखवत नाहीत. तुम्हाला एनटीएससीचाच कॅमेरा मिळवावा लागेल. दिरांच्या ओळखीत कोणाकडे पडून असेल तर येताना आणायला सांगा. चार्जर बहुधा १०० ते २४० व्होल्टचा असतो, फक्त पिन बदलावी लागते.

एक खूण सांगतो. भारतात ट्यूबलाइटच्या उजेडात त्या कॅमेऱ्याने काही टिपले असेल, तर उजेड लुकलुकताना दिसेल, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि कॅमेऱ्याची चाल ६०ची. तो कॅसेटचा दोष समजू नका.

सी-१०४, कर्वे काकू
हळदीच्या वेळचे चित्रीकरण कॅमेऱ्याच्याच पडद्यावर पाहिले होते, ते खरोखरच लुकलुकत होते. आम्ही मांडववाल्याशी भांडलो होतो.

बी-७०२, सचिव
चर्चा उपयुक्त आहे, म्हणून कार्यालयातील माहिती देतो. सोसायटीच्या कपाटात २००६ च्या गणेशोत्सवाची एक कॅसेट आहे. त्या वर्षी रौप्यमहोत्सव होता आणि मुलांचे नाटक संपूर्ण चित्रित झाले होते. दोन वर्षांपूर्वी ती एका कॅमेऱ्यावर लावली, तेव्हा चित्र सगळे चौकटी-चौकटींचे दिसले आणि आवाज तुटत होता. ती कोणी चित्रित केली, याची नोंद नाही.

डी-२०१
ती मीच केली आहे. नाटक लांबणार याची कल्पना असल्यामुळे एका तासाच्या कॅसेटवर दीड तास बसावे, म्हणून मी एलपी मोड लावला होता. त्या मोडमध्ये फीत हळू सरकते आणि एरवी १० मायक्रॉन रुंदीच्या रेघा ६.७ मायक्रॉनवर येतात. इतक्या अरुंद रेघा ज्या कॅमेऱ्याने ओढल्या त्यालाच नीट सापडतात. दुसऱ्याचे हेड, म्हणजे ड्रमवरचे रेघा ओढणारे-वाचणारे टोक, केसभर इकडेतिकडे असले तरी चौकटी दिसू लागतात. हे माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले होते. मी ती वाचली नव्हती.

बी-७०२, सचिव
मग आपला तो कॅमेरा काढावा, ही विनंती.

डी-२०१
तो २०१५ मध्ये घर रंगवताना भंगारवाल्याला दिला. चार्जर आणि बॅग घरी आहेत.

बी-७०२, सचिव
असो. रविवारी सकाळी दहा वाजता कार्यालयात ए-४०३ यांचा डेस्कटॉप ठेवण्यात येईल. कॅसेट जेवढ्या वेळेची, तेवढाच वेळ ती उतरवायला लागतो, त्यामुळे प्रत्येक घरातून एकच कॅसेट आणावी. येताना तिच्या पाठीवरची लहान पट्टी ‘सेव्ह’च्या बाजूला सरकवावी, म्हणजे चुकून तिच्यावर काही नवीन चित्रित होणार नाही.

बी-३०४
रविवारचा वृत्तान्त देतो, कारण अनेकांनी वैयक्तिक संदेश पाठवून विचारले आहे.

काकांनी सांगितल्याप्रमाणे कॅमेरा दोन दिवस डब्यात ठेवला. शनिवारी रात्री एक जाहिरातींची जुनी कॅसेट घातली तर त्याने ती स्वीकारली, मात्र पडद्यावर निळ्या-करड्या चौकटींशिवाय काहीच नव्हते. जोशी काकांनी कोरडी क्लीनिंग कॅसेट दिली आणि ती दहा सेकंदांहून अधिक चालवू नकोस, हेड घासले जाते, असे बजावले. पहिल्या वेळी फरक पडला नाही. दुसऱ्या वेळी एक आडवा पट्टा स्वच्छ आणि त्याखालचा चौकटींचा, असे आलटून-पालटून पट्टे दिसू लागले. काका म्हणाले की दोनपैकी एक हेड मोकळे झाले की असेच काहीसे दिसते. तिसऱ्या वेळी संपूर्ण चित्र आले.

मुंजीची कॅसेट आधी एकदा टोकापर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून घेतली, म्हणजे वर्षानुवर्षे एकमेकांवर दाबून बसलेले वेढे सुटे होतात. उतरवताना एक गोष्ट लक्षात आली. बाबा मध्येच चित्रीकरण मागे नेऊन पाहत आणि पुढे जाताना थोडी कोरी जागा सोडत. तेथे टाइमकोड, म्हणजे फितीवरची वेळेची मोजणी, पुन्हा शून्यापासून सुरू होतो आणि काही सॉफ्टवेअर कॅसेट संपली असे समजून थांबतात. ए-४०३ दादांनी त्या प्रत्येक ठिकाणी हाताने पुन्हा सुरू केले. अशी सात ठिकाणे होती. तारीख मात्र सगळीकडे १ जानेवारी आहे, कारण कॅमेऱ्यातली घड्याळाची छोटी बॅटरी तेव्हाच उतरली असावी.

मातृभोजनाच्या वेळी चित्र चार मिनिटे पाटाखालच्या रांगोळीवर स्थिर आहे. बाबा रेकॉर्डिंग थांबवायला विसरले होते. त्या चार मिनिटांत मोटरची घूं आहे, आणि तिच्या वर आजीचा आवाज: “अरे, तो कॅमेरा ठेव आणि आधी दोन घास खाऊन घे.” आजीचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कोठेही नाही. स्टुडिओने हा भाग नक्कीच कापला असता.

एका तासाच्या कॅसेटची १२.९ जीबी फाइल झाली आहे. तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवल्या, आणि कॅसेटही टाकलेली नाही.

डी-२०१
अभिनंदन. आपला कॅमेरा आणि माझा एकाच कंपनीचे होते, इतके आठवते. गणेशोत्सवाची कॅसेट त्याच्यावर एकदा लावून पाहता येईल का? जुळले तर जुळले.

बी-३०४
अवश्य. रविवारी माझ्या कॅसेट बाजूला ठेवून तिच्यापासूनच सुरुवात करू. मात्र सचिवांनी ती कपाटातून आजच काढून कोरड्या डब्यात ठेवावी; कार्यालयाच्या त्या भिंतीला ओल आहे.

बी-७०२, सचिव
काढली. पट्टी ‘रेक’च्या बाजूला होती, ती सरकवली आहे.