बारा वर्षांच्या मुलासाठी पहिलंच साहस शिबिर: काय बघून निवडावं?

चक्रीवादळाची आई
मुलगा बारा वर्षांचा आहे. आजवर आजीच्या घराखेरीज कुठेही एकटा राहिलेला नाही. यंदा सुट्टीत साहस शिबिराला जायचं म्हणून हट्ट धरून बसलाय, कारण वर्गातल्या मित्राने रॅपलिंगच्या (दोराने कडा उतरायच्या) गोष्टी सांगून डोकं फिरवलंय. दोन शिबिरं बघून ठेवली आहेत. एक सात दिवसांचं, जाहिरातीत चौदा प्रकार: झिपलाइन, राफ्टिंग, तिरंदाजी आणि काय काय. दुसरं तीन दिवसांचं. त्यात छोटा ट्रेक, तंबू लावणं, थोडं क्लाइंबिंग, एवढंच. फोटो बघून लेकाची ओढ अर्थातच पहिल्याकडे. मला दोर-बिर यातलं ओ की ठो कळत नाही. फोन करून नेमकं काय विचारू?

दोर आणि गाठी
ताई, तीन दिवसांचं. पण तेही डोळे झाकून नाही.

मी बरीच वर्षं अशा शिबिरांत प्रशिक्षक म्हणून जातोय. चौदा प्रकार म्हणजे सात दिवस रांगेत उभं राहणं. झिपलाइनवर मूल अर्धा मिनिट असतं आणि त्याआधी पाऊण तास नंबर कधी येतोय हे बघत बसतं. तंबू स्वतः लावला, रात्री तो अंगावर आला आणि सकाळी पुन्हा ताणून लावला, की मग काहीतरी शिकणं झालं.

फोनवर प्रकारांबद्दल विचारूच नका, माणसांबद्दल विचारा. एका प्रशिक्षकामागे किती मुलं? (दोरावरचं काम असेल तर मी स्वतः आठाच्या वर मुलं घेत नाही.) रात्री मुलांजवळ कोण झोपतं? प्रथमोपचार शिकलेला माणूस कोण? हॉस्पिटल किती वेळाच्या अंतरावर आणि रात्री गाडी तिथेच उभी असते का? "सगळी काळजी घेतली जाते" असं ऐकू आलं, तर उत्तर मिळालेलं नाही असं समजा.

साहित्याचं म्हणाल तर हेल्मेट आणि हार्नेसवर (दोर अडकवायला अंगावर चढवतात तो पट्ट्यांचा साज) सीई (युरोपीय) किंवा यूआयएएची (आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाची) सुरक्षेची खूण असते, ती दाखवायला सांगा. हार्नेसचा पट्टा कमरेच्या हाडाच्या वर घट्ट बसायला हवा. बारीक चणीच्या मुलांना कंबर अशी नसतेच. मूल दोरावर डोकं खाली होऊन उलटं झालं तर हार्नेस सुटून निघायची भीती. त्यांना छातीसकट पूर्ण अंगाचा हार्नेस लागतो. आणि एकाने बांधलेलं दुसऱ्याने तपासायचं, दर वेळी, दहाव्यांदासुद्धा. चढताना वापरायचा दोर झटका शोषणारा, म्हणजे डायनॅमिक हवा. रॅपलिंगला स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणला जाणारा चालतो. हे तुम्हाला ओळखता यायची गरज नाही. विचारल्यावर समोरचा गडबडतो का, तेवढं कान देऊन ऐका.

जुना भटक्या
लहान गटाला अनुमोदन. बेडन-पॉवेलने १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर स्काउटिंगचं पहिलं प्रायोगिक शिबिर भरवलं, तेव्हा मुलं वीसेक होती आणि त्यांच्याही चार तुकड्या पाडल्या होत्या. हल्ली एका बसमध्ये पन्नास कोंबतात.

पायाला भिंगरी
माझा अनुभव सांगते, शिबिराचं नाव घेत नाही. लेक अकराची होती. भिंतीवर निम्म्यात घाबरून थांबली, तर खालून सगळे "चढ, चढ" म्हणून ओरडत राहिले. ती चढली. फोटोही छान आला. पुढची दोन वर्षं मात्र घरातल्या स्टुलावरसुद्धा चढली नाही. तेव्हा आणखी एक प्रश्न जोडा: मूल "नको" म्हणालं तर तुम्ही काय करता?

आणि "करमलं नाही तर मी लगेच न्यायला येते" असं कबूल करून पाठवू नका. मग मूल पहिल्या रात्रीपासून त्याच वाटेकडे डोळे लावून बसतं. त्यापेक्षा आधी एखाद्या मित्राकडे रात्रभर राहू दे. अंथरूण ओलं होण्यासारखं काही असेल तर प्रशिक्षकाला एकट्याला गाठून सांगा; या वयात ते वाटतं तितकं विरळ नाही. मुलींच्या आयांनो, पाळी सुरू झालेली नसली तरी पॅड सॅकमध्ये टाका आणि स्त्री प्रशिक्षक आहे का ते विचारा. दम्याचा पंप असेल तर एक मुलाच्या खिशात, एक प्रशिक्षकाकडे.

उगाच एक शंका
इतकं विचारल्यावर ते फोन ठेवून देतील की :)

दोर आणि गाठी
@उगाच एक शंका, ठेवला तर निवड झालीच ना! राहिलेलं एक: विजा चमकल्या तर काय करता हेही विचारा. वीज दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वादळ १० किलोमीटरच्या आत आहे. मुलं पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत हवीत. तंबू नाही, झाडाखाली तर नाहीच. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही.

चक्रीवादळाची आई
सगळ्यांचे आभार. दोन्हीकडे फोन केला. सात दिवसवाल्यांनी "मॅडम, आजवर काही झालेलं नाही" हे तीनदा सांगितलं आणि माहितीपत्रक पाठवलं. तीन दिवसवाल्या बाईंनी उलट मलाच विचारलं: झोपेत चालतो का, कशाची अ‍ॅलर्जी आहे, पोहता येतं का, अंधाराची भीती वाटते का. "नको" म्हणणाऱ्या मुलाला त्या बाई खालून दोर सांभाळणाऱ्याच्या (त्याला बिले करणं म्हणतात) शेजारी बसवून दोर हातात देतात म्हणे. पैसे भरले. लेक दिवसभर रुसला होता. सॅक स्वतः भरायची म्हटल्यावर खुलला. आता ती उचलत नाहीये. किती वजन ठीक?

जुना भटक्या
त्याच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के. चाळीस किलोचा असेल तर चार ते सहा किलो, पाण्यासकट. जीन्स काढा, सुती कपडे कमी करा. भिजले की वाळत नाहीत आणि थंडी भरते. बूट नवे असतील तर आजपासूनच घालायला लावा, नाहीतर पहिल्याच दिवशी फोड.

चक्रीवादळाची आई
जीन्स तीन निघाल्या. शिवाय एक फुटबॉल. बूट घालून जेवायला बसलाय.